धडधड होते, पण ईसीजी ‘नॉर्मल’!

प्रश्न : आईची छाती मधूनच धडधडते, नाडी वेडीवाकडी लागते. ईसीजी मात्र नॉर्मल आला. काळजी सोडावी का? – एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : मुळीच नाही. साधा ईसीजी जेमतेम १० सेकंद टिपतो. धडधड आधीच थांबली असेल, तर कागद निर्दोषच दिसणार.

ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. दोन उंच टोकांमध्ये चार मोठे चौकोन असतील तर ३०० भागिले ४, म्हणजे मिनिटाला ७५ ठोके. एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाचे ठोके अनियमित करणाऱ्या विकारात हे गणित कोलमडते : टोकांमधल्या अंतराला काही ताळतंत्रच नसते आणि त्यांच्याआधीची छोटी ‘पी’ लहर गायब असते. यंत्राने वर छापलेल्या निदानावर मात्र विसंबू नये; रुग्णाचा हात थरथरला तरी ते फसते.

या विकारात हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, म्हणून छडा लावायलाच हवा. धडधड सुरू असतानाच ईसीजी काढावा. ते जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून २४ तास ईसीजी टिपणारे होल्टर यंत्र लावावे. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (मेडिकल) सुपर स्पेशालिटी रुग्णालयात हृदयरोग विभाग आहे. धडधडीबरोबर भोवळ, धाप किंवा छातीत दुखणे असेल, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.