गळ खोल जावा कसा?

ठाणे शहराच्या उत्तरेस मुंबई-नाशिक महामार्ग आणि घोडबंदर मार्ग जेथे एकत्र येतात, ते माजिवडा आज उड्डाणपूल आणि उत्तुंग इमारती यांमुळे ओळखले जाते. तथापि, तेथून बाळकुम वा कोलशेतच्या दिशेने थोडे पुढे गेले की, तिवरांच्या रांगा आणि त्यांमागील गढूळ पाण्याचा विस्तीर्ण पट्टा दृष्टीस पडतो. सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास नदी येथे भरती-ओहोटीच्या अधीन होऊन वसईच्या दिशेने समुद्राकडे जाते. कळव्याजवळील अरुंद प्रवाहाने हेच पाणी दक्षिणेकडील ठाणे खाडीशी जोडले गेले आहे. या परिसरातील आगरी-कोळी वस्त्यांनी पिढ्यान् पिढ्या या पाण्यावर उपजीविका केली.

खाडीवर डोल, पाग अशी जाळी वापरली जातात, त्याचप्रमाणे गळानेही मासेमारी होते. जिवंत कोळंबी किंवा लहान मासा यांबरोबर आता लाकडाची व प्लॅस्टिकची नकली आमिषेही वापरात आली आहेत. मात्र गळ टाकणाऱ्याची एक अडचण जुनीच आहे. पाण्याला ओढ असली की आमिष वर उचलले जाते आणि मासा असलेल्या थरापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी सर्वसाधारण उपाय म्हणजे आणखी शिसे बांधणे. हा उपाय नेहमीच योग्य असतो काय, याचा विचार येथे केला आहे.

मासा कोणत्या थरात असतो?

खोली म्हणजे तळ असा समज असतो. खाडीच्या बाबतीत तो पुष्कळदा चुकीचा ठरतो. पावसाळ्यात नदीचे गोडे पाणी हलके असल्यामुळे वर पसरते आणि समुद्राचे खारे, जड पाणी खाली राहते. त्यामुळे एकाच ठिकाणी दोन भिन्न थर तयार होतात आणि मासे आपापल्या मानवणाऱ्या थरात राहतात. दुसरी गोष्ट प्राणवायूची. सांडपाणी आणि कारखान्यांचे दूषित पाणी ज्या खाडीत मिसळते, तेथे तळाच्या चिखलात कुजणारा मळ प्राणवायू शोषून घेतो. अशा तळाशी गळ नेऊन ठेवल्यास तो चिखलात किंवा प्लॅस्टिकच्या कचऱ्यात अडकतो. मासा मात्र त्याच्या वर कोठेतरी असतो. म्हणून आमिष जास्तीत जास्त खोल नेणे हे उद्दिष्ट नसून, ते हव्या त्या खोलीवर नेणे आणि तेथेच टिकवून धरणे हे खरे उद्दिष्ट होय.

वजनाचा हिशेब

पाण्यात बुडालेल्या वस्तूचे वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके कमी होते. १०० ग्रॅम शिसे पाण्यात सुमारे ९१ ग्रॅम भरते. तेवढेच लोखंड सुमारे ८७ ग्रॅम, काळा कातळ सुमारे ६५ ग्रॅम, तर विटेचा तुकडा जेमतेम निम्मा भरतो. शिवाय सारख्या वजनाचा दगड शिशापेक्षा आकाराने बराच मोठा असल्यामुळे प्रवाहाचा दाबही त्यावर अधिक येतो. शिसे लोकप्रिय का, याचे उत्तर या आकड्यांत आहे. साधा ताणकाटा आणि पाण्याची बादली घेऊन हा प्रयोग कोणासही करून पाहता येईल.

दोराचा विरोध

आमिष वर उचलले जाण्यास पुष्कळदा वजनाची उणीव कारणीभूत नसून दोराची जाडी कारणीभूत असते. वाहते पाणी दोराच्या संपूर्ण लांबीवर दाब देते. हा दाब दोराच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो आणि प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की सुमारे चौपट होतो. ०.६० मिलिमीटर जाडीच्या तंगुसाऐवजी ०.३० मिलिमीटरचा तंगूस घेतल्यास विरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. शिसे दुप्पट करून जो परिणाम साधावयाचा, त्याचा मोठा भाग बारीक दोराने साधतो आणि आमिषाची हालचालही स्वाभाविक राहते. अर्थात, दोर किती बारीक असावा यालाही मर्यादा आहे. जिताड्यासारख्या बळकट माशाला तो पेलला पाहिजे. अन्यथा दोर तुटून गळ माशाच्या तोंडातच राहील.

कोनावरून खोलीचा अंदाज

पाण्याखालचे डोळ्यांना दिसत नाही. परंतु दोराचा कोन दिसतो. १० मीटर दोर सोडला असता तो सरळ खाली गेला, तर आमिष १० मीटरवर असते. दोराने पाण्याच्या पृष्ठभागाशी ६० अंशांचा कोन केला, तर ते सुमारे साडेआठ मीटरवर, ४५ अंशांचा केला तर सुमारे ७ मीटरवर आणि ३० अंशांचा केला तर केवळ ५ मीटरवर असते. टोकाला वजन असताना दोराचा खालचा भाग वरच्या भागापेक्षा अधिक उभा असतो. त्यामुळे प्रत्यक्ष खोली या हिशेबापेक्षा थोडी अधिक भरते.

दुसरी रीत मोजणीची. ज्ञात खोलीच्या स्थिर पाण्यात आमिष सोडून, दोर सैल पडेपर्यंत एका लयीत आकडे मोजावेत. ४ मीटर पाण्यात १२ आकडे झाले, तर एका मीटरला ३ आकडे हे त्या आमिषाचे माप ठरते. पुढे २ मीटर खोलीवर आमिष फिरवावयाचे असेल, तर ६ आकडे होताच ते ओढावयास प्रारंभ करावा.

नकली आमिषाचे दोन प्रकार

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. धातूच्या चकतीसारखी जड आमिषे आपल्या वजनाने बुडतात. ती वेगाने ओढली की वर येतात आणि सावकाश ओढली की खाली राहतात. याउलट, काही लाकडी व प्लॅस्टिकच्या माशांच्या तोंडाशी एक लहान तिरके पाते बसविलेले असते. हे आमिष मुळात तरंगणारे असते. ते ओढले की पाणी पात्यावर आपटते, त्याचे तोंड खाली दाबले जाते आणि ते बुडी मारते. पाते लांब व रुंद असून शरीराच्या रेषेत पुढे आलेले असेल, तर आमिष खोल जाते. पाते आखूड व उभे असेल, तर ते वरच्या थरात राहते. ओढणे थांबविताच ते पुन्हा वर येते.

पात्याच्या आमिषालाही मर्यादा आहेच. ठरावीक खोलीनंतर दोराचा विरोध आणि पात्याचा दाब यांचा तोल साधतो. त्यापुढे कितीही जोराने ओढले तरी आमिष आणखी खाली जात नाही. अशा वेळी बारीक दोर वापरणे, आमिष दूरवर फेकणे आणि काठीचे टोक पाण्यालगत धरणे हे तीन उपाय उपयोगी पडतात. दूर फेकल्याने आमिषाला खाली उतरण्यास पुरेसे अंतर मिळते. जड आमिषाला जो नियम लागू होतो, तो पात्याच्या आमिषाला लावल्यास श्रम व्यर्थ जातात.

भरती-ओहोटीची वेळ

डोल जाळ्याचे सारे काम पाण्याच्या ओढीवर चालते. खुंटांना बांधलेल्या जाळ्याच्या पिशवीत प्रवाहच मासळी आणून सोडतो. म्हणून अमावास्या व पौर्णिमेच्या सुमाराचे उधाण डोलकराला सोयीचे. गळाचे गणित नेमके उलट आहे. अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत ओढ मंद असते आणि थोडक्या वजनावर आमिष खोल टिकते. उधाणाच्या दिवसांतही भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वी पाणी काही काळ स्थिरावते. तेवढ्या वेळात साधलेली खोली एरवी पुष्कळ शिसे बांधूनही साधत नाही.

तिथीची पाऊणपट केली असता भरतीची साधारण वेळ मिळते, हा कोकण किनाऱ्यावरील परंपरागत हिशेब आहे. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. खाडीच्या आतील भागात ती किनाऱ्यापेक्षा काहीशी उशिरा पोहोचते, एवढी दुरुस्ती माजिवडा-कोलशेतकडे करावी लागते. पाणी वाहत असेल, तर आमिष प्रवाहाच्या वरच्या बाजूस टाकावे. वाहत समोर येईपर्यंत ते आपोआप खाली उतरते.

शिशाची व तंगुसाची जबाबदारी

शिसे हा विषारी धातू आहे. शिशाच्या लहान गोळ्या दोरावर दातांनी दाबून बसविण्याची सवय घातक असून ती सोडावयास हवी. घरात, विशेषतः स्वयंपाकाच्या जागी, शिसे वितळवू नये. ते हाताळल्यावर जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवावेत आणि लहान मुलांपासून ते दूर ठेवावे. कमी शिशात खोली साधण्याचे महत्त्व यामुळेही आहे. तुटलेला तंगूस पाण्यात वर्षानुवर्षे टिकतो आणि त्यात पक्षी व मासे अडकतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली खाडीला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला, हे लक्षात घेता तुटका दोर गोळा करून परत नेणे प्रत्येकाचे कर्तव्य ठरते. अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाचे नियम पाळणे बंधनकारक आहे, हे सांगणे नको.

जिताड्याविषयी आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागेल. हा मासा सामान्यतः आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो आणि मोठा झाल्यावर त्याचे मादीत रूपांतर होते. म्हणजे गळाला लागलेला थोरला जिताडा ही बहुधा अंडी घालणारी मादीच असते. जाळ्यात सापडलेला मासा वर येईपर्यंत पुष्कळदा मरतो. गळाला लागलेला मासा मात्र काळजीपूर्वक सोडवून पाण्यात परत सोडता येतो. गळाने मासेमारी करणाऱ्याच्या हाती निवड करण्याची ही संधी असते. पावसाळ्याच्या सुमारास, म्हणजे विणीच्या काळात, तिचा उपयोग करणे शहाणपणाचे ठरेल.

वजन, दोर, कोन, पाते आणि पाण्याची वेळ या पाच गोष्टींचा मेळ घातला की आमिष हव्या त्या थरात पोहोचते. यांपैकी बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, निरीक्षण लागते. खाडीकाठच्या वडीलधाऱ्यांपाशी पाण्याच्या ओढीचे, थरांचे आणि तिथींचे हे ज्ञान अनुभवाने साठलेले आहे. खाडी स्वच्छ राहिली आणि हे ज्ञान नव्या पिढीने समजून घेतले, तरच माजिवड्याच्या उत्तरेकडील या पाण्यात गळ टाकण्याला उद्याही अर्थ राहील.