शासनसत्तेची मर्यादा आणि राज्यघटना : बारडोलीचा धडा

सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुका आज गुजरात राज्यात आहे. १९२८ साली तो मुंबई इलाख्यात होता. पुणे, सातारा, नाशिक, रत्नागिरी या जिल्ह्यांवर ज्या सरकारचा अंमल होता त्याच सरकारचा अंमल बारडोलीवर होता, आणि शेतसाऱ्याचे कायदेही तेच होते. बारडोलीचा सत्याग्रह शाळांतून बहुधा शौर्यकथा म्हणून शिकविला जातो. परंतु राज्यघटनेचा अभ्यास करणाऱ्यास त्यात एक मूलभूत प्रश्न आढळेल. रयतेकडून किती घ्यावे हे सरकारनेच ठरवावयाचे आणि त्यावरील तक्रारीचा निकालही सरकारनेच द्यावयाचा, असे असेल तर सरकारला मर्यादा कोण घालणार?

साऱ्याची वाढ कशी ठरली

बारडोलीतील तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपत आली, तेव्हा फेरआकारणीचे काम एका जमाबंदी अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. नवी रेल्वे, वाढलेली लोकसंख्या, चढलेले भाव अशी कारणे दाखवून त्याने साऱ्यात सुमारे ३० टक्के वाढ सुचविली. वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यातील बरीचशी कारणे बाजूस सारली आणि जमिनीच्या खंडाच्या आकड्यांवर भिस्त ठेवून जवळजवळ तेवढीच वाढ योग्य ठरविली. अखेरीस १९२७ साली सरकारने सुमारे २२ टक्के वाढ कायम केली. कारणे बदलली, आकडे बदलले. परंतु हा सर्व विचार एकाच खात्याच्या दप्तरात झाला.

यावर दाद मागण्याची वाट जवळजवळ बंद होती. १८७६ च्या मुंबई महसूल अधिकारितेच्या कायद्याने साऱ्याच्या आकारणीसंबंधीचे दावे दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले होते. सारा ठरविण्याची पद्धत कायद्याने अधिक स्पष्टपणे बांधून घ्यावी, अशी शिफारस १९१९ च्या सुधारणांचा विचार करणाऱ्या ब्रिटिश पार्लमेंटच्या संयुक्त समितीनेच केली होती. ती अमलात आलेली नव्हती.

१२ फेब्रुवारी १९२८ रोजी बारडोली येथे शेतकऱ्यांची सभा भरली आणि वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली सारा न भरण्याचा निश्चय झाला. शेतकऱ्यांची मागणी सारा माफ करण्याची नव्हती. निःपक्ष चौकशी करावी, अथवा वाढ रद्द करून जुना सारा स्वीकारावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सरकारने गुरेढोरे व भांडीकुंडी जप्त केली, जमिनी खालसा केल्या. अनेक पाटील व तलाठी यांनी राजीनामे दिले. ऑगस्टमध्ये तडजोड झाली आणि चौकशी मान्य झाली. ब्रूमफील्ड हे न्यायखात्याचे व मॅक्सवेल हे महसूल खात्याचे, अशा दोन अधिकाऱ्यांनी गावोगाव जाऊन तपासणी केली. ज्या खंडाच्या आकड्यांवर वाढ आधारलेली होती ते विश्वसनीय नाहीत असे त्यांना आढळले. १९२९ साली त्यांनी सुचविलेली वाढ ६.०३ टक्के होती.

२२ आणि ६ यांमधील अंतर हेच या प्रकरणातील खरे शिक्षण होय. चौकशी करणारेही सरकारचेच अधिकारी होते. ते अधिक दयाळू होते असे मानण्याचे कारण नाही. ज्याने आकारणी केली त्याच्याहून वेगळ्या माणसाने, पुरावा मागून, उघडपणे ती तपासली, एवढाच फरक होता.

त्याच वर्षीचे एक विधेयक

याच वर्षी, मार्च १९२८ मध्ये, मुंबई विधान परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनदारास अल्प मोबदल्यात सरकारी कामासाठी केव्हाही राबावे लागे, आणि त्याच्या ऐवजी घरातील इतरांसही जुंपले जाई. बारडोलीत सरकारचा हात शेतकऱ्याच्या पिकावर होता. येथे तो माणसाच्या श्रमावर होता. हे विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला.

किमान शासनाचा विचार

शासनसत्तेस कठोर मर्यादा घालावी हा विचार जगात जुना आहे. राजाने मनमानी कर घेऊ नये व कायद्याविना कोणास बंदिवासात टाकू नये, ही तत्त्वे इंग्लंडमध्ये १२१५ च्या सनदेपासून रुजत गेली. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेस १७९१ साली दहा दुरुस्त्या जोडून नागरिकांचे हक्क नमूद करण्यात आले. काही विचारवंत याहून पुढे जातात. संरक्षण, न्यायदान आणि करारांचे पालन एवढेच शासनाचे काम असावे, आणि राज्यघटनेने त्यापलीकडे शासनास पाऊल टाकू देऊ नये, असे ते मानतात. भारतात १९५९ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र पक्षाने शासनाचा व्याप आटोपशीर ठेवण्याचा पुरस्कार केला होता.

भारतीय राज्यघटनेने या विचारातील बराच भाग स्वीकारला आहे. अनुच्छेद २६५ अन्वये कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसविता येत नाही व वसूल करता येत नाही. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा अनुच्छेद १३ अन्वये त्या विसंगतीपुरता शून्य ठरतो. अनुच्छेद ३२ अन्वये सर्वोच्च न्यायालयाकडे व २२६ अन्वये उच्च न्यायालयाकडे दाद मागता येते. विधिमंडळाच्या मंजुरीविना राज्याच्या संचित निधीतून खर्च करता येत नाही, आणि खर्चाची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. १९२८ साली बारडोलीच्या शेतकऱ्यास यांपैकी एकही मार्ग खऱ्या अर्थाने खुला नव्हता.

कागदावरील मर्यादाही कसोटीच्या वेळी डळमळू शकते. आणीबाणीत, १९७६ साली, स्थानबद्ध व्यक्तीस न्यायालयात दाद मागता येत नाही असा निर्णय झाला होता. म्हणून १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ मधील हक्कांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली.

हाळींचा प्रश्न

बारडोलीचा धडा येथे संपत नाही. ज्या शेतकऱ्यांनी अन्याय्य साऱ्याविरुद्ध लढा दिला, त्यांपैकी अनेकांच्या शेतावर दुबळा जमातीची कुटुंबे हाळी म्हणून राबत असत. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी हाळी मालकाशी वर्षानुवर्षे बांधला जाई. सरकारने सारा कमी केला, तरी हाळीचे बंधन सैल होणार नव्हते. कारण ते बंधन सरकारने घातलेले नव्हते.

केवळ सरकारला बांधून ठेवणारी राज्यघटना हाळीस काय देईल? डॉ. आंबेडकरांनी १९४७ साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात नेमका हा मुद्दा उपस्थित केला होता. शासनाचे नियंत्रण हटले की दुर्बल माणूस स्वतंत्र होतो असे नाही. तो धनिकाच्या सत्तेखाली जाऊ शकतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. भारतीय राज्यघटनेतील अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करतो व अनुच्छेद २३ वेठबिगारीस मनाई करतो. हे दोन्ही अनुच्छेद शासनाबरोबरच खाजगी व्यक्तींनाही लागू होतात. १९४८ चा मुंबई कुळकायदा आणि १९७६ चा वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा हे शासनाच्या हाती सत्ता होती म्हणूनच होऊ शकले. किमान शासनाचा आग्रह धरणाऱ्या रचनेत अशा कायद्यांना जागा मिळणे कठीण झाले असते.

तेव्हा मर्यादा म्हणजे दुर्बलता नव्हे. विहिरीस कठडा असतो तो पाणी कमी करण्यासाठी नसतो. शासनास काम करण्याइतके सामर्थ्य असावे, आणि त्या सामर्थ्याचा प्रत्येक वापर कायद्याने ठरलेला, कारणे सांगणारा व तिऱ्हाईताकडून तपासता येणारा असावा, हाच चांगल्या राज्यघटनेचा कस होय.

ही कसोटी दिल्ली-मुंबईपुरती नाही. त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले, आणि अनुच्छेद २४३-ज नुसार पंचायतीचा करही राज्याच्या कायद्यानेच अधिकृत व्हावा लागतो. घरपट्टी वाढविताना ग्रामपंचायतीने, अथवा अर्ज नाकारताना अधिकाऱ्याने, स्वतःस विचारावे : याला कोणत्या कायद्याचा आधार आहे? कारण लेखी दिले आहे काय? ज्यास हे मान्य नाही त्याने कोठे जावे? २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने हेच प्रश्न विचारण्याचा हक्क ग्रामस्थांनाही दिलेला आहे. बारडोलीच्या शेतकऱ्यांना एका चौकशीसाठी आपली जमीन पणाला लावावी लागली. आज एक अर्ज पुरेसा व्हावा, यासाठीच राज्यघटना आहे.