शाईच्या टाकीचा फोटो-प्रिंटर : निवड आणि निगा

फाउंटन पेन वापरलेल्या पिढीला शाईच्या बाटलीची ओळख करून द्यावी लागत नाही. शाई संपली की बाटलीतून भरावयाची, आणि टोपण उघडे राहिले तर ती निबावर वाळावयाची, हे दोन्ही अनुभव त्या पिढीच्या परिचयाचे आहेत. आज घरोघर दिसू लागलेल्या शाईच्या टाकीच्या प्रिंटरचे मर्म या दोन अनुभवांतच आहे. शाई बाटलीने भरता येते हा त्याचा गुण; न वापरता ठेवला तर ती वाळते हा त्याचा स्वभाव. विकत घेणारा गुण पाहतो आणि स्वभाव विसरतो. आपल्या बारामती-इंदापूर भागातील मध्यम स्थितीच्या कुटुंबाने छायाचित्रांसाठी असा प्रिंटर घ्यावा काय, आणि घ्यावयाचा तर कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक घरगुती उदाहरण

माझे आजोळ इंदापूर तालुक्यातले. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयात अनेक गावांबरोबर आमचे जुने घरही गेले. पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की वर दिसते. आमच्या घराचे तेवढेही दिसत नाही. उरले ते एक कृष्णधवल छायाचित्र : ओसरीवर आजोबा आणि त्यांच्या मांडीवर माझी आई. मामांनी हौसेने टाकीचा प्रिंटर आणला तेव्हा पहिली प्रत याच छायाचित्राची काढली आणि आजीच्या खोलीत खिडकीसमोर लावली. वर्ष उलटण्यापूर्वीच आजोबांचा चेहरा तांबूस होऊन फिका पडला. आजी एवढेच म्हणाली, "अरे, हे पण चाललं."

मूळ छायाचित्र पेटीत होते म्हणून बरे. पण चूक कोठे झाली, याचा शोध घेताना जे समजले तेच पुढे मांडतो.

यंत्राची रीत

पूर्वी घरगुती प्रिंटरला शाईची बंद कार्ट्रिज लागत. ती महाग पडे, म्हणून लोक सुईने शाई भरीत किंवा बाहेरून नळ्या जोडीत. ही निकड ओळखून एपसन कंपनीने २०१० साली इंडोनेशियात मुळातच टाकी असलेला प्रिंटर विक्रीस आणला. पुढे कॅनन, एचपी आदी कंपन्यांनीही तोच मार्ग धरला.

शाईचे थेंब कागदावर फेकण्याच्या रीती दोन. एकीत शाईला क्षणभर उष्णता देऊन बुडबुडा निर्माण करतात. दुसरीत विजेच्या दाबाने एक लहानसा घटक वाकून शाई ढकलतो. कॅनन व एचपी पहिली रीत वापरतात, एपसन दुसरी. दुसऱ्या रीतीचे मुद्रणशीर्ष टिकाऊ मानले जाते, पण सामान्यतः ते यंत्राचाच भाग असल्याने बदलणे खर्चाचे ठरते. कॅननच्या बऱ्याच टाकी-प्रिंटरांत ते घरी बदलता येते. घेण्यापूर्वी दुकानदारास हा प्रश्न अवश्य विचारावा.

रंग चार की सहा?

आपल्याच पुणे जिल्ह्यातील मळवली येथे रविवर्मा प्रेस होता. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे तेथे हलविण्यात आला. त्या काळच्या शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागे. शिळा जितक्या अधिक, तितका देवीच्या मुखावरील छायाप्रकाश मुलायम उतरे. आजच्या प्रिंटरलाही हेच तत्त्व लागू आहे.

साध्या प्रिंटरात निळा, किरमिजी, पिवळा व काळा अशा चार शाया असतात. गालावरची फिकट छटा आणावयाची तर गडद शाईचेच ठिपके विरळ टाकावे लागतात, आणि ते जवळून पाहता दाणेदार दिसतात. एपसनच्या एल ८०५ किंवा त्यानंतरच्या एल ८०५० या प्रिंटरांत फिकट निळी व फिकट किरमिजी अशा आणखी दोन शाया आहेत. कॅननच्या जी ५७० मध्ये त्याऐवजी करडी व तांबडी शाई आहे. रंगीत शायांच्या मिश्रणातून कृष्णधवल चित्र काढले तर त्यावर हिरवट किंवा गुलाबी झाक येण्याचा संभव असतो. अशा कामी करडी शाई उपयोगी पडते. म्हणून दुकानात जाताना एक चेहऱ्याचे आणि एक जुने कृष्णधवल अशी दोन छायाचित्रे बरोबर न्यावीत व समोर छापून घ्यावीत. जाहिरातीतील आकड्यांपेक्षा ही परीक्षा खरी.

शाई आणि कागद

शाईचे प्रकार दोन. डाय म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग; पिगमेंट म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म रंगकण. डायचे रंग झळझळीत असतात, पण ऊन व हवा यांनी ते लवकर उडतात. पिगमेंट अधिक टिकते. वर सांगितलेले सहा रंगांचे घरगुती प्रिंटर डायचेच आहेत. त्यात सुटी, स्वस्त शाई भरली तर टिकाऊपणाची कसलीच शाश्वती राहत नाही. आमच्या घरी तेच झाले होते : निळा रंग आधी उडाला आणि तांबूस मागे राहिला.

कागदाचीही एक गंमत आहे. भिगवणजवळचा कागद कारखाना आपल्याकडे सर्वांच्या माहितीचा. अशा कारखान्यांतून निघणारा चकचकीत लेपित कागद ऑफसेटच्या घट्ट, तेलकट शाईसाठी बनविलेला असतो. प्रिंटरची पाण्यासारखी पातळ शाई त्यावर शोषली न जाता पसरते. इंकजेटसाठी निराळा लेप दिलेला फोटो-कागदच हवा.

हिशेब

समजा, प्रिंटर २०,००० रुपयांचा आहे आणि तो ५ वर्षे चालला. महिन्याला २० छायाचित्रे काढली तर एकूण १,२०० होतात, म्हणजे प्रत्येकामागे केवळ यंत्राचाच खर्च सुमारे १७ रुपये. महिन्याला १०० काढली तर तोच खर्च सव्वातीन रुपयांच्या आसपास येतो. शाई व कागद यांचा खर्च त्यावर वेगळा. हे आकडे गृहीत धरलेले आहेत. वाचकाने आपले आकडे घालून पाहावे. वर्षातून एखाद्या लग्नाची पन्नास छायाचित्रे काढावयाची असतील, तर गावातला स्टुडिओच स्वस्त.

मात्र घरात शिकणारी मुले असतील तर पारडे फिरते. ४ × ६ इंचांच्या एका कागदावर ३५ × ४५ मिलिमीटरची ८ पासपोर्ट छायाचित्रे बसतात. प्रकल्पवह्या, अर्ज, वाढदिवस अशी कामे दर आठवड्याला निघतात. त्या आकाराला इंचास ३०० ठिपके धरले तरी १२०० × १८०० ठिपके पुरतात, आणि कोणत्याही आजच्या मोबाइलमधून ते मिळतात. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आकसलेले चित्र न घेता मूळ चित्र घ्यावे.

निगा

आपला भाग पर्जन्यछायेचा, उन्हाळा कोरडा आणि कडक. अशा हवेत आठवड्यातून एकदा तरी सर्व रंगांचे एक पान छापावे. प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, म्हणजे मुद्रणशीर्ष झाकणाखाली जाऊन बसते. छपाई चालू असताना वीज गेली तर ते उघडे राहते. वीज येताच यंत्र चालू करून पुन्हा नीट बंद करावे. आमचा प्रिंटर एप्रिल ते जून झाकून ठेवला होता, आणि मग त्याच्या सफाईतच कितीतरी शाई गेली. सफाईची ही शाई आत एका गादीत मुरते व ती गादी कधीतरी भरते. ती किंवा तिची पेटी घरी बदलता येणारा प्रिंटर मिळाल्यास तोच घ्यावा.

समारोप

तात्पर्य असे की, निवड किमतीपासून नव्हे, वापरापासून सुरू करावी. दर आठवड्याला काम असेल तर सहा रंगांचा टाकी-प्रिंटर, कंपनीचीच शाई आणि योग्य कागद घ्यावा. काम क्वचित असेल तर प्रिंटर घेऊच नये. आणि जे छायाचित्र पिढ्यान्‌पिढ्या राहावे असे वाटते, त्याची प्रत चांगल्या स्टुडिओतून खऱ्या छायाचित्रण-कागदावर काढून घ्यावी व मूळ प्रत जपावी.

मामांनी तसेच केले. घरचा प्रिंटर आता मुलांच्या अभ्यासाला चालतो. आजोबांची नवी प्रत काचेच्या चौकटीत आहे, पण खिडकीसमोर नाही; आतल्या भिंतीवर, जेथे ऊन पोहोचत नाही आणि आजीला अंथरुणावरून दिसते, तेथे.