सायकलस्वाराची श्रोणी : आसनस्थिती व मर्मविचार

शहाड हे सेंच्युरी रेयॉनमुळे ओळखले जाणारे कारखान्यांचे गाव. येथे कामावर सायकलने जाणारा वर्ग जुना. व्यायामासाठी पहाटे मुरबाड रस्त्याने जाणारे अलीकडचे. दोघांच्या तक्रारींत आम्हांस स्पष्ट भेद दिसतो. पहिल्यांस कटिशूल व जानुशूल अधिक, तर दुसऱ्यांस गुह्यप्रदेशी सुप्तता.

याचे कारण श्रोणीच्या कलण्यात आहे. जुन्या उंच सायकलीवर स्वार ताठ बसतो, रुंद सीटवर त्याचा भार दोन्ही आसनास्थींवर पडतो. नव्या सायकलीचे हँडल खाली व सीट अरुंद असते. श्रोणी पुढे कलते आणि भार आसनास्थींवरून सरकून सेवनीच्या भागावर येतो. तेथेच आसनास्थीच्या आतील बाजूने प्युडेंडल नाडी व रक्तवाहिनी जातात. त्या दबल्या की मुंग्या व बधिरता येते. सुश्रुताचार्यांनी वंक्षण व वृषण यांमध्ये विटप मर्म सांगून त्याच्या आघाताने षांढ्य वा अल्पशुक्रता होते असे म्हटले आहे. सेवनीसही त्यांनी अश्मरीच्या शस्त्रकर्मात जपण्यास सांगितले. चरकाचार्यांनी अर्शाच्या हेतूंत विषम व कठीण आसन आणि हिसके देणारे वाहन गणले आहे. सायकल त्यांनी पाहिली नव्हती, हेतू मात्र ओळखला होता!

औषधालयचालकांस आमची खास विनंती. तरुण गिऱ्हाईक संकोचाने वाजीकरण कल्प मागू लागले, तर आधी सायकलची चौकशी करावी. निदानपरिवर्जन न करता दिलेले कल्प येथे व्यर्थ होत, आणि मूळ पीडा वाढतच राहते.

सीटची उंची अशी ठेवावी की टाच खालच्या पॅडलवर टेकता पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवून चालविताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार उंच असल्यास श्रोणी डावी-उजवी डोलते व कटिशूल जडतो, फार खाली असल्यास गुडघे दुखतात. सीटचे टोक वर उचललेले नसावे. हँडल थोडे वर घेतल्यानेही पुष्कळांस आराम पडतो. हे सारे एका पान्याचे काम आहे. दर दहा-पंधरा मिनिटांनी पॅडलवर उभे राहून भार काढावा.

बधिरता असेपर्यंत सायकल बंदच ठेवावी. कटिशूलात सहचर तैलाचा अभ्यंग व स्वेदन, प्रकृती पाहून मात्राबस्ती द्यावी. परंतु मूत्र अडणे, मलावरील ताबा जाणे वा दोन्ही पायांत दुर्बलता दिसल्यास तैलात वेळ न दवडता रुग्णास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.