आल्प्सच्या पायथ्याशी नोकरी घेताना

म्युनिकची नोकरी ठरली की सह्याद्रीत वाढलेल्या ट्रेकरची नजर नकाशावर आधी आल्प्सकडे जाते. सकाळची रेल्वे पकडली की दीड तासाच्या आत गार्मिश, आणि समोर 2962 मीटरची त्सुगश्पिट्झ. कळसूबाई 1646 मीटरची, हे आठवून छाती भरून येते. तिकडे निघालेली मुलं मला विचारतात, बूट कोणते घेऊ, पहिलं शिखर कोणतं करू? मी त्यांना आधी नोकरीचं करारपत्र बाहेर काढायला लावते.

पहिल्या वर्षी तुम्ही डोंगरात किती आणि कसे जाल, हे त्या कागदावर ठरतं. जर्मनीत बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांचं प्रोबेशन असतं. त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते, आणि निवास परवाना त्याच नोकरीवर टिकून असतो. आठवड्याला पाच दिवस काम असेल तर वर्षाला किमान 20 दिवस रजा कायद्यानेच मिळते, कंपन्या बहुधा जास्तच देतात. पण पहिल्या सहा महिन्यांत ती महिन्यागणिक थोडी थोडी जमा होते. आजारी पडलात तर कंपनी सहा आठवडे पूर्ण पगार देते, मात्र हा हक्क नोकरीला चार आठवडे झाल्यावरच लागू होतो. रुजू होताच पाय मोडून घरी बसायची वेळ आली तर काय होईल, याचा हिशेब निघण्याआधीच करा.

या हिशेबाचं मोल मला एका मित्रामुळे कळलं. मूळचा नाशिकचा, कातळावर माझ्यापेक्षा कितीतरी सराईत. जून महिना होता, आम्ही आल्प्समधल्या करवेंडेल रांगेच्या ऑस्ट्रियाकडच्या बाजूला होतो. खाली दरीत फुलं, कुरणांत गाई, अंगात टी-शर्ट. वर उत्तरेकडे तोंड असलेल्या एका नाळेत मागच्या हिवाळ्याचा बर्फ अजून शिल्लक होता. वाट त्या पट्ट्यातून आडवी जात होती. रुंदी फार नव्हती. आपल्याकडे घसाऱ्यावर पाय सुटला तर कारवीचं खोड हाताला लागतं, निदान बूड टेकवून थांबता तरी येतं. रात्रभर गोठलेल्या त्या बर्फावर पकडायला काहीही नसतं, आणि दोन-तीन क्षणांत वेग इतका वाढतो की माणसाच्या हातात काही उरत नाही. मित्राचा पाय तिथेच सुटला आणि तो खालच्या खडकांत जाऊन थांबला. शुद्धीवर होता, पण गुडघा गेला होता.

मी 112 ला फोन लावला. हा क्रमांक सगळ्या युरोपात चालतो. वाटेचा क्रमांक, शेवटची झोपडी, आम्ही किती जण, त्याला काय लागलंय, एवढंच सांगितलं. हेलिकॉप्टर दिसलं की दोन्ही हात वर करून उभं राहायचं. त्याचा अर्थ मदत हवी आहे. एक हात वर आणि एक खाली म्हणजे नको. ही खूण घरून निघण्याआधीच पाठ असायला हवी, कारण त्या घटकेला काही सुचत नाही.

बिल नंतर घरी आलं. डोंगरातल्या हेलिकॉप्टरचा खर्च ऑस्ट्रियात काही हजार युरोंच्या घरात जातो, आणि जर्मनीचा सरकारी आरोग्यविमा तो सहसा उचलत नाही. मित्र वाचला तो जर्मन आल्पाइन क्लबच्या सदस्यत्वामुळे. 1869 साली म्युनिकमध्येच स्थापन झालेल्या या क्लबच्या वर्गणीत शोध आणि बचावाचा 25 हजार युरोंपर्यंतचा विमा असतो. वर्गणी वर्षाला शंभर युरोच्या आतबाहेर. त्याने ती भरली होती केवळ डोंगरातल्या झोपड्यांमध्ये मुक्काम स्वस्त पडतो म्हणून! तुम्ही मात्र विम्यासाठी भरा, आणि पहिल्या ट्रेकच्या आधी भरा.

शरीराची तयारी सह्याद्री पुरेशी करून घेतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पाठीवर ओझं घेऊन दिवसभर चालणं, उंचीची भीती मोडणं, सोबत्याला सांभाळून घेणं हे सगळं तिथे उपयोगी पडतं. ऋतूचं गणित मात्र पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. शनिवारी रात्रीची कसारा लोकल पकडून अंधारात चढायला लागण्याची सवय तिथे सोडावी लागते. डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. उन्हाळ्यात उजेड रात्री नऊपर्यंत असतो, पण दुपारी विजा येतात; धारेवरून, विशेषतः लोखंडी दोर लावलेल्या वाटांवरून, त्याआधी उतरलेलं बरं. वाटांच्या पाट्यांवर निळा, लाल, काळा असे रंग असतात. तुम्ही इथे कितीही रॉक पॅच केले असले तरी पहिला उन्हाळा निळ्या-लाल वाटांवर काढा.

हिवाळ्यात हिमस्खलनाचं पत्रक रोज निघतं, एक ते पाच अशा पातळ्यांचं. तीन म्हणजे मधलं, चालून जाईल, असं वाटतं आणि नेमके बरेचसे बळी तिसऱ्या पातळीवरच जातात. बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं ट्रान्समीटर यंत्र, लांब सळई आणि फावडं, या तिन्ही वस्तू प्रत्येकाकडे हव्यात आणि त्या वापरायचा सराव हवा. क्लबच्या शाखा याचे वर्ग घेतात. ते बहुतेक जर्मनमध्ये असतात, त्यामुळे भाषा निदान सूचना कळण्याइतकी तरी शिका. ऑफिसात इंग्रजीवर निभावतं, पण दोराच्या दुसऱ्या टोकाला असलेला माणूस घाईत स्वतःच्याच भाषेत ओरडतो.

आणखी एक काम आहे, त्याला पैसा लागत नाही. मित्राच्या आईला अपघाताची बातमी नाशिकमध्ये कुणाच्या तरी फिरत आलेल्या मेसेजमधून कळली, आणि तो नीट आहे हे कळायला पुढची सगळी रात्र गेली. त्या माउलीची ती रात्र मला अजूनही टोचते. तिकडे गेल्यावर शहरातल्या एका विश्वासू माणसाकडे तुमच्या घरचा फोन नंबर, विम्याचा क्रमांक आणि घरी मराठीत कोण बोलेल त्याचं नाव लिहून ठेवा. ट्रेकला निघताना कुठे चाललोय आणि किती वाजता परतणार, हे त्याच माणसाला कळवा. ठरलेल्या वेळेनंतर किती तास वाट पाहून त्याने 112 ला फोन करायचा, तेही आधीच त्याच्याशी बोलून ठेवा.