टेंभूपासून सुरुवात कर

सांगली

चि. ताई हिस,


तुझा सविस्तर निरोप मिळाला. नेट परीक्षेला जनसंज्ञापन आणि पत्रकारिता हा विषय घेतलास, सेटचाही फॉर्म भरणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. त्यात तू लिहिलं आहेस, "मामा, सगळी मॉडेलं अमेरिकेची, सगळी नावं परकी. पाठ करते आणि आठ दिवसांत विसरते." ही तक्रार खरी आहे. वर्गात शिकवताना मी ती दरवर्षी ऐकतो. तिच्यावर उपाय आहे आणि तो साताऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे.

आधी परीक्षेचं गणित सांगून टाकतो. पहिला पेपर ५० प्रश्नांचा आणि १०० गुणांचा. दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्न आणि २०० गुण. नेटला दोन्ही सलग, मिळून तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. खुल्या प्रवर्गाला ४० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ३५ टक्के ही किमान अट झाली. सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरतात ते बसलेल्यांपैकी साधारण ६ टक्के. त्यामुळे पास होण्यापुरता अभ्यास इथे चालत नाही. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि ती महाराष्ट्र-गोव्यापुरती आहे. विषय तोच, तयारी तीच, म्हणून दोन्हींना बस.

दुसऱ्या पेपरचा अभ्यासक्रम दहा घटकांचा आहे. तू पुस्तक पहिल्या पानापासून उघडलंस आणि लासवेल, शॅनन, वीव्हर यांच्यात अडकलीस. तिथून सुरुवात करू नकोस. टेंभूपासून कर.

टेंभू म्हटलं की आज लोकांना उपसा सिंचन योजना आठवते. खानापूर-आटपाडीच्या शेतात गेलेलं कृष्णेचं पाणी आठवतं. कराडजवळचं हेच गाव गोपाळ गणेश आगरकरांचं जन्मगाव. त्यांचा जन्म १८५६ चा. आता सालं एका ओळीत मांड. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनने देशी भाषांतल्या पत्रांची मुस्कटदाबी करणारा व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट आणला. तीन वर्षांच्या आत, जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरण घडलं. तिथल्या छत्रपतींचा छळ होतो आहे, असा आरोप 'केसरी' आणि 'मराठा'ने कारभारी बर्वे यांच्यावर केला. ज्या पत्रांच्या आधारावर हे छापलं ती बनावट निघाली. बदनामीचा खटला झाला आणि टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८८८ मध्ये आगरकरांनी 'सुधारक' काढला.

या एका चरित्रात तुझे तीन घटक आले. वृत्तपत्रांचा इतिहास आला. बातमीची पडताळणी का करायची, हे आलं: हेतू शुद्ध होता, धाडस मोठं होतं, तरी कागद खोटा निघाल्यावर दोघांना तुरुंगात जावं लागलं. आणि बदनामीचा कायदा आला. जुन्या पुस्तकांत तुला कलम ४९९ आणि ५०० सापडतील. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागू आहे. दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेव. तसंच १८६७ च्या जुन्या प्रेस कायद्याच्या शेजारी २०२३ चा नवा कायदा लिही. कायद्याच्या घटकात बाजारातली गाईडं मागे पडतात आणि मुलं तिथेच गुण घालवतात.

पुढे किर्लोस्करवाडीला ये. १९१० साली माळरानावर वसलेल्या या उद्योगनगरीतून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. सुरुवातीला ते कारखान्याचं पत्र होतं. शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक केलं आणि पुढे 'स्त्री' व 'मनोहर' काढली. जनसंपर्काच्या घटकात गृहपत्रिका हा मुद्दा येतो. त्याची व्याख्या पाठ करण्यापेक्षा, कारखान्याच्या माहितीपत्रापासून स्त्रियांच्या मासिकापर्यंतचा हा प्रवास का झाला, यावर दोन पानं लिहून काढ. जनसंपर्क, नियतकालिकांचा इतिहास आणि वाचकवर्ग घडवणं, तिन्ही एकदम समजतील.

आता ज्यासाठी मुद्दाम पत्र लिहायला बसलो ते सांगतो. विकाससंज्ञापनाच्या घटकात पुणे शेती रेडिओ मंडळांचा प्रयोग येतो. तू तो 'साल १९५६, युनेस्को' असा दोन शब्दांत पाठ केला असशील. तो नीट वाच, कारण तो आपल्याच भागात झाला. निवडलेले पाच जिल्हे होते पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा. उत्तर सातारा म्हणजे आजचा तुझा सातारा. १९४९ मध्ये जुन्या जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं.

या जिल्ह्यांतल्या काही गावांमध्ये ऐकणाऱ्यांची मंडळं केली होती. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, संध्याकाळी आकाशवाणीचा कार्यक्रम लागायचा. मंडळी एकत्र बसून ऐकायची, मग त्यावर चर्चा करायची, काही ठरवायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायची. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्याचं सूत्र. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचं मूल्यमापन केलं आणि पॉल न्यूरथ यांनी ते सांभाळलं. त्यांनी तीन तऱ्हेची गावं घेतली: मंडळ असलेली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि दोन्ही नसलेली. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत माहितीत जी वाढ झाली, ती नुसता रेडिओ असलेल्या गावांत झाली नाही.

हा प्रयोग समजला की संशोधनपद्धतीचा घटक अर्धा झाला. नियंत्रित गट कशाला लागतो, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी म्हणजे काय, बदल रेडिओने झाला की चर्चेने हे कसं वेगळं काढायचं, सगळं त्यात आहे. मग लाझर्सफेल्डकडे जा. त्याने १९४० च्या अमेरिकी निवडणुकीत ओहायोमधल्या एका काउंटीचे मतदार तपासले. माध्यमाचा संदेश आधी गावातल्या जाणत्यांपर्यंत आणि त्यांच्याकडून इतरांपर्यंत जातो, हे द्विस्तरीय प्रवाहाचं म्हणणं त्यातून आलं. पारावरची चर्चा लहानपणापासून ऐकलेल्या तुला ते परकं का वाटावं? आणि आजचा धागा हवा असेल तर माण तालुक्यात म्हसवडला जा. माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून तिथे चालू आहे. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना अशी केंद्रं काढता आली. त्या निकालाचा अर्थ म्हसवडच्या स्टुडिओत बसलेल्या बाईचा आवाज ऐकलास की कळेल.

वार्तांकनासाठी आमच्या सांगलीकडे बघ. पावसाळ्यात इथली पहिली बातमी आयर्विन पुलाच्या पातळीची असते. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. एखाद्या जुलै-ऑगस्टमध्ये रोज ती बातमी पन्नास शब्दांत लिहून बघ. पहिल्या वाक्यात पातळी यावी, पाणी कुठे शिरलं ते यावं, लोकांनी काय करायचं ते यावं. धरणांच्या विसर्गाचं राजकारण सगळ्यात शेवटी. उलटा पिरॅमिड यापेक्षा चांगला कुणी शिकवणार नाही. दुसरा अभ्यास असा कर: एखाद्या दैनिकाच्या सातारा आवृत्तीचे महिनाभराचे अंक घे आणि शहराच्या बातम्यांना किती जागा, माण-खटावच्या पाण्याला किती, हे पट्टीने मोजून तक्ता कर. आशयविश्लेषण म्हणजे हेच. मॅककोम्ब्स आणि शॉ यांनी १९६८ च्या निवडणुकीत चॅपेल हिलला मतदारांच्या मनातले आणि माध्यमांतले मुद्दे ताडून बघितले. त्यांचा कार्यक्रमनिश्चितीचा सिद्धान्त तुला मग विसरता येणार नाही.

एवढं करूनही काही गोष्टी पाठच कराव्या लागतात. कालक्रम लावा, जोड्या जुळवा, विधान आणि कारण, अशा प्रश्नांना सालं लागतातच. सिद्धान्तांची एक यादी कर: लाझर्सफेल्डचं पीपल्स चॉइस १९४४, लर्नर १९५८, रॉजर्स १९६२, श्रॅम १९६४, मॅककोम्ब्स आणि शॉ १९७२, मॅकब्राइड अहवाल १९८०. भारताची दुसरी कर: पहिला प्रेस आयोग १९५२ ते ५४, प्रेस कौन्सिल १९६६, साइट उपग्रह प्रयोग १९७५-७६, प्रसार भारती कायदा १९९० आणि अंमल १९९७. पुस्तकांतली परिभाषा इंग्रजी असते आणि नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत येते. म्हणून समजून घे मराठीत, पण प्रत्येक संज्ञा मूळ रूपात ओळखता आली पाहिजे.

पहिल्या पेपरकडे पाठ फिरवू नकोस. पत्रकारितेची मुलं आकडेमोडीला घाबरतात आणि तिथेच ६ टक्क्यांच्या बाहेर राहतात. रोज थोडा वेळ तर्क, तक्ते आणि अध्यापनशास्त्राला दे. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडव, उत्तरतालिका बघ आणि चुकलेला प्रश्न का चुकला ते वहीत लिही. पुण्याला क्लास लावायलाच हवा, असं मला वाटत नाही. नोकरी सोडू नकोस. बातमीदारीचं रोजचं काम हीसुद्धा तयारीच आहे. घरच्यांना सांगून अभ्यासाची ठरावीक वेळ मागून घे. ताईसाहेबांना, म्हणजे तुझ्या आईला, मी फोन करीन. लग्नाचा विषय परीक्षेपर्यंत कुणी काढणार नाही.

एक लक्षात ठेव. ही परीक्षा शिक्षक होण्यासाठी आहे. उद्या तुझ्या वर्गात जतची, आटपाडीची, दहिवडीची मुलं बसतील. घरात पहिल्यांदाच कुणी कॉलेजात आलेलं असेल. त्यांना तू नुसती नावं आणि सालं लिहून दिलीस तर तीही आठ दिवसांत विसरतील. आपल्याच मातीत हे शास्त्र कसं घडलं, हे तू त्यांना दाखवू शकलीस तर ती शहाणी होतील. एखाद्या वेळेस यश हुकलं तरी हा अभ्यास वाया जाणार नाही, पुन्हा बसायचं. फॉर्मची मुदत शेवटच्या दिवसावर ढकलू नकोस, जातीचा दाखला आणि गुणपत्रिका आत्ताच काढून ठेव, आणि याच आठवड्यात अभ्यासाला लाग.

तुझा,
मामा