दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : जवळची वाट की लवकरची?



नकाशावाचनाच्या तासाला मी एक प्रश्न हमखास विचारतो : अंतर वाढले, की प्रवासाचा वेळही वाढतो ना? सगळा वर्ग एका सुरात ‘येस सर’ म्हणतो. आज हे उत्तर एका खऱ्या विमानमार्गावर तपासून पाहू.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका. नकाशा सपाट असतो, पृथ्वी नाही. पृथ्वीगोल घ्या आणि दिल्ली व सॅन फ्रान्सिस्को यांच्यात दोरा ताणून धरा. दोरा हिमालय, तिबेट, सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावरून जाईल. हा बृहत् वृत्ताचा मार्ग, म्हणजे सर्वांत जवळचा. या दोन शहरांमध्ये पृथ्वीच्या केंद्राशी सुमारे १११.३ अंशांचा कोन होतो. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. गुणाकार केला की साधारण १२,३७० किलोमीटर येतात.

पण प्रवासी विमान सहसा या दोऱ्यावरून जात नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला तातडीने सुमारे १०,००० फुटांपर्यंत खाली यावे लागते. तिबेटचे पठारच त्याहून उंच आहे! म्हणून वळसा घ्यावा लागतो.

एअर इंडियाचे विमान आधी अटलांटिकवरून जात असे : सुमारे १३,९०० किलोमीटर, जवळजवळ साडेसोळा तास. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून नेले गेले : सुमारे १५,३०० किलोमीटर, साडेचौदा तास. अंतर १,४०० किलोमीटरने वाढले, वेळ दोन तासांनी घटला.

भागाकार करा. पहिल्या मार्गावर सरासरी वेग ताशी ८४२ किलोमीटर, दुसऱ्यावर १,०५५. ही किमया वाऱ्याची. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. सूत्र सोपे आहे : हवेतल्या वेगात पाठचा वारा मिळवा, समोरचा वारा वजा करा, येतो तो जमिनीवरचा वेग.

इंधन जळते ते तासांच्या हिशेबाने. समोरचा वारा अंदाजापेक्षा ताशी ५० किलोमीटरने जास्त निघाला, तर साडेसोळा तासांत विमान ८२५ किलोमीटर मागे पडते. म्हणजे जवळजवळ एका तासाचे इंधन जास्त लागते, आणि खाली समुद्र असतो. म्हणूनच उड्डाणाआधी वैमानिक हवामानाचा अहवाल बारकाईने वाचतो.

आता गृहपाठ. विमान रविवारी पहाटे ४ वाजता दिल्लीहून निघाले आणि साडेचौदा तासांनी उतरले. उन्हाळी वेळेनुसार सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असते. तिथे वार कोणता आणि वाजले किती? नुसती दोन घड्याळे पाहणाऱ्याला हा प्रवास दोन तासांचा वाटेल. तुम्ही मात्र रीत मांडून उत्तर लिहा.